एकविसाव्या दिवसाची किटली

त्या रविवारी सकाळी घरात कुणीही साबण लावला नाही. आंघोळी नुसत्या पाण्याने झाल्या. स्वयंपाकघरात कांदा चिरला नाही, डांबरगोळ्यांच्या कपाटातून ठेवणीतलं काही कुणी बाहेर काढलं नाही. दादांनी दाढी केली, पण गालाला काही चोपडलं नाही, त्यामुळे ते सोललेल्या बटाट्यासारखे दिसत होते. एकविसावा दिवस होता.

या घरात जन्मलेल्यांना हे सांगावं लागत नाही. लग्न होऊन आलेल्यांना एकदाच सांगतात, पण असं सांगतात की पुन्हा सांगायची गरज उरत नाही. मोठ्या वहिनी पहिल्या वर्षी मानेला पावडर लावून टेबलाशी आल्या होत्या. त्यांना कप हातात देऊन गॅलरीत उभं केलं होतं, भर थंडीत. याला अठरा वर्षं झाली. पावडर केव्हाच सुटली, राग मात्र अजून जागच्या जागी होता.

पण सांगून करणार काय? खाली दुकान, वर घर आणि मागे कोठी, आणि चार पिढ्या पोट भरतंय ते सुट्या चहावर. चहाची पानं म्हणजे भोळं लेकरू, शेजारी जो बसेल त्याचे गुण उचलणार. आत्या म्हणायच्या, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण बैलांची नाही रे, चहाची आहे." म्हणून वर्षाचा पहिला नवा माल आला की डबे गळ्यापर्यंत भरायचे, झाकण दाबायचं आणि एकवीस दिवस त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. एकविसाव्या दिवशी पहिली किटली. ती सगळ्या घराने एकत्र बसून प्यायची. ती जमली की दुसऱ्या दिवशी दुकानात माल उघडायचा.

धाकटी कोठीच्या दाराशी येऊन उभी राहिली. धाकट्याची बायको म्हणून ती धाकटी, घरात येऊन चार वर्षं झालेली. तीन महिन्यांपूर्वी आत्यांनी सगळ्यांसमोर कोठीची किल्ली तिच्या हातात ठेवली होती. "माझे गुडघे गेले. आजपासून कोठी हिची. मी त्या खोलीचा उंबरा ओलांडणार नाही, हा माझा शब्द." मोठ्या वहिनींना डावलून दिलेली किल्ली! वहिनींनी आदळआपट केली नाही. भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "बघू एकविसाव्या दिवशी."

तेव्हापासून धाकटीच्या डोक्यात तोच एक दिवस होता. आज किटली जमली तर किल्ली तिची. बिघडली तर किल्ली जाणारच, पण त्याहून वाईट म्हणजे या घरात पुढची चाळीस वर्षं 'तिने नासवलेलं वर्ष' म्हणून हे वर्ष ओळखलं जाणार. या घरात वर्षांना आकडे नसतात, अशीच नावं असतात.

तिने काही कमी केलं नव्हतं. फळ्या जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून चार बोटं लांब. कोपऱ्यात ओल खेचायला चुन्याची परात, दर आठवड्याला बदललेली. दाराच्या फटीला कापड. ती रोज सकाळी आत येऊन परात बघायची, भिंतींना हात लावून बघायची आणि बाहेर पडायची. डब्यांना हात लावायची नाही.

डबे मात्र नवे होते, आणि त्यावरून रामायण झालं होतं. किल्ली दिल्यावर आठवड्याभरात धाकट्याने चार नवे चकचकीत डबे आणले, झाकणाला रबरी कडं असलेले. आत्या म्हणाल्या, नव्या डब्याला वास असतो. धाकटा म्हणाला, "आत्या, हे यंत्रावर केलेले आहेत. वास कसला?" शेवटी दादांनी धाकट्याच्या बाजूने हात वर केला. आत्या "तुमची कोठी, तुमचे डबे" म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. नवा माल नव्या डब्यांत भरला गेला. जुने चार डबे खालच्या फळीवर गोणपाटाआड गेले, भंगारवाल्याची वाट बघत.

आता धाकटी नव्या डब्यांसमोर उभी राहिली. चारही डब्यांच्या कडीला पांढरा दोरा बांधलेला होता, दुहेरी गाठीचा. तो तिने माल भरल्यानंतरच्या आठवड्यातच पाहिला होता, आणि तेव्हाच ओळखलं होतं की हे नवऱ्याचं काम. कुणी झाकण उघडू नये म्हणून मोहोर लावली असणार. म्हणजे बायकोवर एवढाही भरवसा नाही! डब्यांच्या भांडणापासून दोघांत डब्यांचा विषय बंद होता, म्हणून तिने विचारलं नाही. इकडे धाकट्यानेही दाराबाहेरून एकदा तो दोरा पाहिला होता आणि हिनेच बांधला म्हणून मनातल्या मनात तिचं कौतुक केलं होतं. त्यानेही विचारलं नाही. नवरा-बायकोने न विचारलेल्या गोष्टींची यादी केली तर या घराला एक खोली वाढवावी लागेल.

तिने चारही दोरे कात्रीने कापले आणि खिशात टाकले. झाकण उघडताच काहीतरी नाकाला चाटून गेलं. कात्रीचं तेल असेल, तिने स्वतःला समजावलं. पानं वीतभर खाली गेली होती. बसतातच, तिने मनात म्हटलं. लाकडी डावाने तिने सात माणसांची पानं काढली, झाकण दाबलं आणि वर गेली.

*

टेबलाच्या टोकाला आत्या, पाठ ताठ, चष्म्याचं घर कपाशेजारी. उजवीकडे दादा, वहिनी आणि त्यांची सोळा वर्षांची टिल्ली. डावीकडे धाकटा, आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी, कारण धाकटी ओतत होती. चहा कोरा. पहिल्या किटलीत दूध-साखर घालणाऱ्याला या घरात वारसा मिळत नाही, असं दादांचे वडील म्हणायचे. सातवा कप त्यांच्यासाठी असतो. जाऊन नऊ वर्षं झाली तरी तो भरला जातो, आणि मग दादा तो गुपचूप पितात.

"रंग झकास आहे," दादा म्हणाले.

"रंग शाईलाही असतो," वहिनी म्हणाल्या.

पहिला घोट आत्यांचा. त्यांनी कप नाकाशी नेला, डोळे मिटले. मग एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. नुसतं टेबलक्लॉथवरच्या एका डागाकडे बघत बसल्या.

मग बाकीच्यांनी कप उचलले. दादांनी घोट घेऊन गिळायचा की नाही याचा विचार केला. धाकट्याने गिळला आणि खोकला.

"काकू," टिल्ली म्हणाली, "सायकलच्या दुकानात बसून चहा प्यायल्यासारखं वाटतंय."

"टिल्ली!" दादा ओरडले.

"खरंच बाबा. पंक्चरच्या टेबलाशी."

धाकटीने उभ्याउभ्याच आपला कप तोंडाला लावला. खरं होतं. तेल, रबर आणि काहीतरी जळकं. चहा कुठेतरी खाली होता, पण हाका मारूनही वर येत नव्हता.

"तरी मी म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. वहिनी काय म्हणत होत्या ते कुणालाच आठवेना, पण हे वाक्य पहिलं म्हणणाऱ्याचं असतं. "डबे! ते चकचकीत डबे! आत्या कंठशोष करून सांगत होत्या."

"डब्यांचा काय संबंध?" धाकटा उसळला. "चांगल्या दुकानातून पारखून आणलेत. आधी कोठीत काय चाललंय ते बघा. कुणी काय लावून आत जातं, काय शेजारी ठेवतं..."

तो बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं की कोठीत एकच माणूस जातं. धाकटीने किटली खाली ठेवली. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"म्हणजे मी तसं नाही म्हणत," तो पुटपुटला.

"तसंच म्हणालात, भाऊजी."

"दादा, तू तरी बोल. हात तूच वर केला होतास."

"मी हात वर केला होता," दादा सावकाश म्हणाले, "पण मनातून मी साशंक होतो."

"मनातला हात मोजत नाहीत!"

"आणि उद्या सकाळी गिऱ्हाइकं दाराशी येतील त्यांना काय सांगू? नवा माल उघडतोय म्हणून कार्डं गेली आहेत सगळ्यांना. माझ्या शब्दावर येतात ती माणसं." दादांचं हे नेहमीचंच तळ्यात-मळ्यात, पण आवाज मात्र खरा कापत होता. त्यांनी सवयीने सातवा कप ओढला, वास घेतला आणि हळूच जागेवर ठेवला. वडिलांच्या कपालाही तोच वास येत होता.

धाकटीने गळ्यातली किल्ली काढली. दोरी केसात अडकली, ती तिने झटक्याने ओढली, आणि किल्ली टेबलाच्या मधोमध ठेवली.

"डबे कुणी आणले, हात कुणी वर केला, ते राहू द्या," ती म्हणाली. "चहा माझ्या ताब्यात होता. माझ्या ताब्यात खराब झाला. झाकण उघडल्यावर मला वास आला होता, मी कात्रीवर ढकलला. मला तेवढंही कळलं नाही. ही घ्या किल्ली."

*

किल्ली वहिनींच्या कपापासून चार बोटांवर होती.

अठरा वर्षं. अठरा वर्षं त्यांनी आत्यांच्या गळ्यात ही किल्ली लोंबताना पाहिली होती, आणि तीन महिने या कालच्या पोरीच्या गळ्यात. आजच्या दिवसाची त्यांनीही वाट बघितली होती, खोटं कशाला बोला. पहिला घोट घेतल्यावर त्यांच्या मनात एक बारीक उकळी फुटली होती. मग धाकटा बोलला. 'कुणी काय लावून आत जातं.' आणि वहिनी मनाने एकदम गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, हातात कप, मानेला पावडर, आत सगळे टेबलाशी. त्या दिवशी आतून कुणी उठून बाहेर आलं नव्हतं. नवरासुद्धा नाही.

दादांचा हात किल्लीकडे सरकला. वहिनींनी त्याआधी किल्लीवर आपला पंजा ठेवला.

"आई, तुलाच हवी होती ना?" टिल्लीने कुजबुजून विचारलं. तिची कुजबुज खालच्या दुकानात ऐकू जाते.

"गप्प बस," वहिनी म्हणाल्या आणि किल्ली धाकटीकडे सरकवली. "घाल गळ्यात. किल्ली टेबलावर ठेवल्याने चहा सुधारतो होय? एक वर्ष वाईट गेलं तर गेलं. मी आल्यापासून दोनदा माल नासलाय. एकदा कोठीत पाणी शिरलं आणि एकदा यांनी शेजारी रंगाचा डबा ठेवला. तेव्हा यांच्या गळ्यातून कुणी काय काढलं?"

"अगं, ते कशाला आता..." दादा.

"आता नाही तर केव्हा?"

या घरात वहिनी आपली बाजू घेतील असं तिला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला तेव्हा आलं.

*

आत्या अजून त्या डागाकडेच बघत होत्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते त्यांनाच ठाऊक होतं.

शब्द दिला होता, आणि तो त्यांनी माल भरल्यानंतर चौथ्या दिवशीच मोडला होता. नवे डबे नुसते पुसून त्यात वर्षाचा पहिला माल भरलाय, या विचाराने त्यांना तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. नवा डबा आधी मुरवावा लागतो. त्यात जुनी, टाकाऊ पानं भरून ठेवायची, चाळीस दिवस. ती पानं पत्र्याचा, तेलाचा, सांध्यावरच्या कथलाचा सगळा वास पितात, मग ती फेकून द्यायची. हे त्या दिवशी नीट समजावून सांगता आलं असतं. पण रागावलेल्या माणसाला समजावून सांगायला कुठे वेळ असतो?

मग दुपारी सगळे खाली दुकानात गेले की आत्या निघायच्या. चष्म्याच्या घरात एक जादा किल्ली होती, भावाने करून दिलेली, चाळीस वर्षं कुणाला माहीत नसलेली. चार दुपारी, एकेक डबा. नव्यातला चांगला माल डावा-डावाने उपसून जुन्या डब्यांत. नव्या डब्यांत गेल्या वर्षीची उरलेली पानं, त्याच बागेची, दिसायला सख्खी बहीण. आणि नव्यांच्या कडीला पांढरा दोरा. आत्यांच्या आईची खूण होती ती. पांढरा दोरा म्हणजे हा डबा मुरतोय, यातलं प्यायचं नाही.

धाकटीला हे कळणारच, असं आत्यांनी धरून ठेवलं होतं. रोज कोठीत जाते, दोरा दिसणार, ती समजणार. सतरा दिवस पोरीने चकार शब्द काढला नाही, तेव्हा आत्यांचं काळीज भरून आलं होतं. म्हातारीची लाज राखली हो पोरीने! आज किटलीतला चहा अर्थातच जुन्या डब्यांतला असणार.

आणि त्याला तेलाचा वास येत होता.

तेल म्हटल्यावर आत्यांना एकच तेल आठवलं. त्या चारही दुपारी गुडघे ठणकत होते, आणि कोठीत जायच्या आधी त्यांनी गुडघ्यांना औषधी तेल चोळलं होतं. हात तीनदा धुतले होते. पण कोपरापर्यंत हात डब्यात घालून उपसलेला माल! कांद्याच्या हाताला दार न उघडणाऱ्या बाईने आपल्याच तेलकट हातांनी वर्षाचा पहिला चहा नासवला. आणि ती पोरगी आपला गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेऊन किल्ली काढून ठेवतेय.

"उचल ती किल्ली," आत्या म्हणाल्या. आवाज इतका फाटका निघाला की सगळे दचकले. "चहा तू नासवला नाहीस. मी नासवला."

"आत्या, काहीतरी काय बोलतेस?" दादा म्हणाले.

"काहीतरी नाही. मी कोठीत गेले होते."

"तू तर उंबरा ओलांडणार नव्हतीस."

"ओलांडला. आठ वेळा. चारदा आत, चारदा बाहेर."

"किल्ली कुठून आणलीस?"

आत्यांनी चष्म्याचं घर उघडलं, मखमल उचलली आणि दुसरी किल्ली पहिलीच्या शेजारी ठेवली. टिल्लीने शिट्टी मारली आणि तिला कुणी रागावलं नाही.

"नव्या डब्यांतला माल मी जुन्यांत भरला," आत्या म्हणाल्या. "तुम्ही माझं ऐकलं नाहीत, मग मीही तुमचं ऐकलं नाही. हिला सगळं कळलं होतं. दोरा बघूनच ओळखलं, आणि माझ्यासाठी तोंड मिटून बसली. गुणाची पोर. पण माझे हात तेलाचे होते गं. गुडघ्यांचं तेल. त्याचाच वास आहे हा."

धाकटीने डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर काहीच उजाडत नव्हतं.

"कुठला दोरा, आत्या?"

"कुठला म्हणजे? पांढरा."

तिने खिशात हात घातला आणि चार तुकडे टेबलावर ठेवले. "हा? तो तर यांनी बांधला होता."

"मी?" धाकटा म्हणाला. "मला वाटलं तू बांधलास."

"मी सकाळी कापला. कापल्याशिवाय झाकण कसं उघडणार?"

आत्यांनी चष्मा लावला. एक तुकडा उचलून गाठ पाहिली, जणू कुणी दुसऱ्यानेच बांधली होती. "कापलास? दोऱ्याचं तुला सांगितलं नव्हतं मी?"

"नाही."

"तुला?" त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"मी आल्यापासून घरात नवा डबा आलाय कुठे?" वहिनी म्हणाल्या.

ते खरं होतं. तीस वर्षांत नवा डबा नाही, म्हणून दोरा नाही, म्हणून सांगणंही नाही. आत्यांनी सगळं शिकवलं होतं, आणि हे एवढंच शिकवायचं राहिलं होतं.

"थांब," आत्या म्हणाल्या. "मला नीट सांग. आत्ता किटलीत कुठल्या डब्यातला चहा घातलास?"

"नव्या डब्यातला."

"जुन्या डब्यांना हात लावलास?"

"नाही. ते तर रिकामे आहेत ना, भंगारात द्यायचे..."

आत्यांनी कपाळावर हात मारला. मग दादांना कळलं, मग वहिनींना, आणि टिल्लीला बहुतेक सगळ्यांच्या आधी कळलं होतं, कारण ती हसायला लागली होती.

"म्हणजे आपण आत्ता फेकायचा चहा प्यायलो?" दादा म्हणाले.

"आणि त्याचा रंग झकास म्हणालात," वहिनी म्हणाल्या.

धाकटा मात्र ताडकन उठला. "भंगारवाला! मी गेल्या रविवारी त्याला सांगितलं होतं. म्हटलं, मागच्या दाराने ये, किल्ली मागून घे आणि जुने डबे उचल. तो घेऊन गेला असेल!"

"नाही," धाकटी म्हणाली. "सकाळीच पाहिले. गोणपाटामागे चारही आहेत."

"मग तो आला नाही?"

"आला होता," वहिनी म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कपाचा कान बोटाने फिरवला. "मी घालवला. म्हटलं, पुढच्या महिन्यात ये. त्यातले दोन डबे मला पिठाला हवे होते. मागितले असते तर कुणी दिले नसते, म्हणून नाही मागितले. झालं समाधान?"

धाकटा टेबलाला वळसा घालून गेला आणि वाकून त्याने वहिनींना चक्क नमस्कार केला.

"पुरे, भाऊजी. आधी तिची माफी मागा."

त्याने मागितली. सगळ्यांसमोर आणि अडखळत. धाकटी "बघू" म्हणाली, पण त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"जीव भांड्यात पडला म्हणतात," टिल्ली म्हणाली. "आपला डब्यात पडला."

"अजून पडायचा आहे," आत्या म्हणाल्या. "माझे हात तेलाचे होते ते विसरू नका."

*

सगळं लटांबर मागच्या जिन्याने खाली उतरलं. कोठीच्या दाराशी आत्या थांबल्या. एक हात चौकटीवर, नजर उंबऱ्यावर.

"तूच जा गं," त्या धाकटीला म्हणाल्या. "मी शब्द दिलाय."

"आठ वेळा मोडलात," धाकटी म्हणाली. "नवव्यांदा मोडा. मला एकटीला नाही जमणार, आत्या."

आत्यांनी तिचा दंड धरला आणि आत पाऊल टाकलं. बाकीचे दारातच थांबले, कारण कोठीत गर्दी करायची नाही हे मात्र सगळ्यांना पाठ होतं. धाकटीने गोणपाट बाजूला केलं. जुने डबे कळकट होते, एकाला पोचा आलेला. तिने पहिला डबा पुढे ओढला. तो जागचा हलेना, इतका भरलेला होता. सतरा दिवस तिने तो साधा पायानेसुद्धा ढकलून पाहिला नव्हता.

झाकण निघालं.

आधी कुणीच श्वास घेतला नाही, घाबरून. मग आत्या वाकल्या, गुडघे कुरकुरले, आणि त्यांनी नाक डब्यात घातलं. किती वेळ ते डब्यातच होतं. धाकटी त्यांच्या पाठीकडे बघत होती. ती पाठ हलायला लागली. तिला वाटलं, आत्या रडताहेत. आत्या हसत होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "तुझं नाक घाल."

धाकटीने घातलं. त्यात तेल नव्हतं, रबर नव्हतं, गुडघ्यांचं औषध नव्हतं. कोवळ्या पानाचा ओलसर, गोडसर वास होता आणि त्यामागे थोडा मधाचा. तो आत गेला तसं तीन महिन्यांचं ओझं तिच्या खांद्यांवरून उतरलं. ती डब्याशेजारी फतकल मारून बसली आणि मोकळी रडली.

"काय झालं? वाईट आहे का?" दादा दारातून ओरडले.

"उत्तम आहे!" आत्या ओरडल्या. "कार्डं पाठवलीत ना? येऊ देत सगळ्यांना."

दुसरी किटली धाकटीनेच केली. या वेळी पहिला घोट घेऊन आत्या "हं" म्हणाल्या. त्यांच्या त्या एका "हं"साठी माणसं वर्षभर राबतात. वहिनींनी दोन कप प्यायले आणि तिसरा ओतून घेतला. सातवा कप दादांनी सगळ्यांदेखत उचलला, घोट घेतला आणि कितीतरी वेळ गिळला नाही.

"यांचे नवे डबे आता चाळीस दिवस पुरे होईपर्यंत मुरत ठेवायचे ना?" धाकटीने विचारलं. "मी परत दोरे बांधते."

"बांध. आणि टिल्लीला दाखव कसे बांधायचे ते. आणि हिलाही," आत्या वहिनींकडे हनुवटीने दाखवत म्हणाल्या. "दोन डबे पिठाला दिले तुला. कोठीचं कामही शीक आता. हिच्या एकटीने नाही व्हायचं."

"अठरा वर्षांनी सुचलं," वहिनी म्हणाल्या, पण बोलताना त्यांनी पदराने तोंड पुसल्यासारखं केलं.

मग आत्यांनी टेबलावरची दुसरी किल्ली धाकटीच्या पुढे सरकवली. "ही पण तूच ठेव. आता खरंच माझ्याकडे काही उरलं नाही."

धाकटीने ती किल्ली उचलली. दोऱ्याचा एक तुकडा घेतला, किल्लीच्या भोकातून ओवला आणि दुहेरी गाठ मारली, तशीच, आत्यांच्या आईची. मग मखमल उचलून किल्ली चष्म्याच्या घरात परत ठेवली.

"पांढरा दोरा असला की हात लावायचा नाही, बरोबर?" ती म्हणाली. "मला विचारल्याशिवाय."

आत्यांनी चष्म्याच्या घरातली किल्ली पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. "आणि तू घरात नसलीस, आणि मला राहवलंच नाही तर?"

"तर कापा. कात्री कुठे असते ते तुम्हाला ठाऊक आहे."

आत्यांनी चष्म्याचं घर बंद केलं, उशाशी न्यायला मांडीवर घेतलं आणि रिकामा कप किटलीकडे सरकवला.